न बोलणाऱ्याला पाच

"मग उद्यापासून येऊ नकोस, असं सांगू ना त्याला?"

कौस्तुभनं विचारलं. नागेशबुवा पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावत होते. चिमूटभर लावायची, एक थाप मारायची, ऐकायचं. मग पुढची चिमूट.

कौस्तुभ हा बुवांचा शिष्य. डोंगराखालच्या मठात नव्या लोकांना पखवाज आता तोच शिकवी. त्याआधी तो चार्जर बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. हात तयार होता, आणि तो तयार आहे हे त्याला माहीत होतं.

प्रश्न यशवंताचा होता. यशवंता दुधाचा टेंपो चालवायचा. बायको गेल्यापासून तो शिकायला येऊन बसू लागला होता.

"मी काय कमी केलं, बुवा? पहिल्या दिवसापासून चौगुणीतले, चौपट लयीचे बोल दिले. तुमच्या ठेवणीतल्या रचना दिल्या. हा हात मांडीवर ठेवून बसतो. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही."

"येतो का रोज?"

"येतो ना! त्यानंच तर डोकं फिरतं."

थाप. बुवा ऐकत राहिले…

"माझा फोन झाला का रे?"

बुवांच्या बटनांच्या फोनचा चार्जर उंदरांनी कुरतडला होता. फोन कित्येक दिवस बंद होता. कौस्तुभनं आज तो स्वतःच्या लॅपटॉपच्या चार्जरला जोडून खिडकीत ठेवला होता.

"एवढा दांडगा चार्जर. जाळशील तू तो."

कौस्तुभ हसला. "चार्जर ढकलत नाही, बुवा. वायर जोडेपर्यंत त्याच्या तोंडाशी काहीच नसतं. जोडली की आधी फक्त पाच व्होल्ट. मग तो सांगतो, माझ्याकडे नऊ आहेत, पंधरा आहेत, वीस आहेत. समोरचा म्हणतो, मला नऊ पुरे. हा म्हणतो, ठीक. मगच वाढवतो."

"मागितल्याशिवाय नाही?"

"नाही. फार द्यायचं असेल तर मधल्या वायरलासुद्धा विचारतो, तुला किती झेपेल म्हणून."

"भलताच अदबशीर आहे."

"अदब कसली! न विचारता वीस दिले तर समोरचा जळून जाईल."

"माझा फोन काय म्हणाला?"

"तो काय म्हणणार? जुना आहे. त्याला ही भाषाच येत नाही."

"मग?"

"मग पाच. जो बोलत नाही त्याला पाच."

"किती वेळ?"

"जोडलेला असेपर्यंत."

"चिडत नाही?"

कौस्तुभ पुन्हा हसायला गेला. हसू मध्येच राहिलं…

बुवांनी लावलेल्या कणकेतली एक चिमूट काढून घेतली. थाप मारली. मान हलवली.

बाहेर टेंपो थांबल्याचा आवाज आला. यशवंता आत आला. बुवांच्या पाया पडला, कौस्तुभच्या पाया पडला, आणि नेहमीच्या जागी भिंतीशी जाऊन बसला. हात मांडीवर.



कौस्तुभला त्याच्याकडे बघवेना. तो उठून खिडकीपाशी गेला. फोनचं बटन दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं.

"हा मेलेला दिसतोय, बुवा. काहीच दाखवत नाही. काढू?"

त्यानं वायर धरली.

बुवा उठले. कणकेचा हात धोतराला पुसला. खिडकीपाशी येऊन त्यांनी फोन उलटा केला आणि त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला…

"कोमट लागतोय. घेतोय अजून."