निरोगी इंजिन

"इंजिनात दोष नाही, तर मग ते खिंडीत थांबलं का?"

म्हाताऱ्या लामांनी हे विचारलं तेव्हा जालिंदर मिस्त्री शेडमधल्या बुखारीवर, पत्र्याच्या शेगडीवर, हात शेकत होता. लामांना सगळी दरी मेमे म्हणे. लडाखात मेमे म्हणजे आजोबा; मागे 'ले' जोडला की आदर.

"थंडीनं थांबलं, मेमे-ले. माणूस गारठतो, तसं इंजिनही गारठतं."

"आज थंडी नाही?"

जालिंदर उठला. दारातल्या जुन्या स्नो-स्कूटरची दोरी त्याने एकदाच ओढली. इंजिन लगेच सुरू झालं. निळसर धूर शेडमध्ये पसरला.

"ऐका. कुठे अडखळतंय का? बुलेट, ट्रॅक्टर, बोअरची मशीनं... सगळं या हाताखालून गेलंय. इंजिन माझ्याशी खोटं बोलत नाही."

"नोर्बू गेला," मेमे म्हणाले.

जालिंदरने इंजिन बंद केलं.

तो मूळचा विट्याचा. रस्त्याच्या कामावर आला आणि काम संपल्यावर इथेच राहिला. छावणीने टाकून दिलेली ही स्कूटर त्याने एकट्याने चालती केली होती. खिंडीपलीकडच्या वस्तीत कुणी आजारी पडलं, तर हिवाळ्यात दवाखान्यापर्यंत आणायला दुसरं काहीच नव्हतं. मागे घसरगाडी बांधायची, तिच्यात माणूस निजवायचा आणि निघायचं.

नोर्बूच्या छातीत कळ आली, तेव्हा त्याला असंच आणलं. खिंडीत इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू झालं तोवर घसरगाडीतला नोर्बू थंड झाला होता.

आता त्याच वस्तीत नोर्बूची मुलगी आंगमो दिवस मोजत होती. पोटात मूल आडवं होतं. दवाखान्यात आणावंच लागेल, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. पण आंगमोने निरोप पाठवला होता : माझा बाप का मेला ते आधी सांगा. मग बसते.

"तुम्ही एक शब्द टाका," जालिंदर म्हणाला. "मशीन चांगलं आहे, एवढंच म्हणा."

"मला मशीनमधलं काय कळतं? मी याक हाकलेला माणूस."

"तेच तर. तुम्हाला काही कळत नाही, तरी लोक तुमचं ऐकतात. मला सगळं कळतं आणि माझं कुणी ऐकत नाही."

मेमे हसले. 

"याक लंगडायला लागला की आम्ही त्याला गोठ्यात बघत नाही," ते म्हणाले. "गोठ्यात सगळे याक बरे असतात."

"म्हणजे?"

"मला खिंडीत ने. नोर्बूच्या जागी मी झोपतो."

"या वयात? काही झालं तर लोक मला जाळतील."

"जाळायला लाकडं कुठे आहेत इथे... चल."

---

आभाळ खाली उतरलं होतं. बर्फ कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं.

मेमे नोर्बूच्याच घोंगडीत निजले होते. जालिंदर अधूनमधून मागे वळून बघत होता. चेहरा झाकलेला होता. प्रत्येक वेळी त्याला वाटलं की मागे नोर्बूच आहे. मग त्याने वळून बघणं सोडून दिलं.

खिंडीच्या तोंडाशी वारा सुरू झाला. भुरभुरा बर्फ स्कूटरवर आडवा येऊन आदळत होता. इंजिनाच्या उबेने विरघळत होता. पुन्हा गोठत होता.

वरच्या वळणावर आवाज बदलला. आधी चढला, मग बारीक झाला. मग काहीच नाही.

नुसता वारा.

जालिंदर खाली उतरला. त्याचा हात सवयीने पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाकडे गेला. बंद पडलेल्या गाडीची टाकी आधी उघडून बघायची, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं.

त्याच्या मनगटाला कुणीतरी धरलं. मेमे कधी उठले, ते त्याला कळलंच नव्हतं.

"काही करू नकोस."

"काही करू नको म्हणजे? इथे थांबलो तर दोघंही..."

"त्या दिवशी काय केलं होतंस?"

"टाकी उघडली. पेट्रोल होतं. मग प्लग काढला, पुसला, तापवला. मग कार्बुरेटर खोलला. बोटं चालत नव्हती, तरी सगळा धुतला. पुन्हा बसवला. मग दोरी ओढली आणि ते सुरू झालं."

"आणि नोर्बू?"

"आधी विचारत होता, झालं का... झालं का... मी म्हणालो, आबा-ले, आलोच." जालिंदरने नाक पुसलं. "मग विचारायचा थांबला. मला वाटलं, झोप लागली असेल."

मेमेंनी मनगट सोडलं नाही.

"दोष कशात होता?"

"प्लगमध्ये... किंवा कार्बुरेटरमध्ये."

"कशात?"

जालिंदरने हात सोडवून घ्यायला बघितलं.

"आज अजून तू हात लावलेला नाहीस," मेमे म्हणाले. "ते अजून आजारीच आहे. बघ त्याच्याकडे."

"काय बघू?"

मेमेंनी मनगट सोडलं. ते घसरगाडीच्या कडेवर जाऊन बसले आणि घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली.

जालिंदर उभा राहिला. आधी रागाने. नंतर रागही गारठला. करायला काहीच नव्हतं म्हणून तो स्कूटरकडे बघत राहिला. काच. हँडल. फाटलेली सीट. सीटच्या पुढची प्लास्टिकची टाकी...

तो वाकला.

टाकीच्या दोन्ही बाजू आत गेल्या होत्या. उपाशी जनावराच्या कुशी जातात, तशा. शेडमध्ये ही टाकी त्याने कितीतरी वेळा पुसली होती. तिथे ती नेहमी गोल, भरलेली असायची.

त्याने झाकणावरून बोट फिरवलं. झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक असतं. आतलं पेट्रोल जसं कमी होतं, तशी त्या भोकातून बाहेरची हवा आत जाते. हवा आत गेली नाही, तर टाकी पेट्रोल बाहेर सोडत नाही.

भोक बर्फाने बुजलं होतं.

त्याने झाकण हळूच फिरवलं. टाकीने मोठा श्वास आत ओढला. तो आवाज मेमेंनाही ऐकू आला. मग दोन्ही कुशी टपकन बाहेर आल्या आणि टाकी पुन्हा गोल झाली.

शेडमध्ये बुखारी होती. तिथे बर्फ विरघळायचा. तिथे ते इंजिन कधीच आजारी पडलं नसतं.

जालिंदरने तारेने भोक मोकळं केलं. झाकण लावलं. दोरी ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली. पुन्हा. मग ते सुरू झालं आणि चालू राहिलं.

प्लग त्याने काढला नव्हता. कार्बुरेटर खोलला नव्हता.

"सापडलं, मेमे-ले," तो म्हणाला. "झाकणाचं भोक. एवढंसं. झाकण उघडलं की..."

तो तिथेच थांबला.

इंजिन चालूच होतं. त्याने हात पुढे करून ते बंद केलं. का केलं, त्याला सांगता आलं नसतं.

"त्या दिवशी मी आधी झाकणच उघडलं होतं," तो म्हणाला.

वारा वाहत होता.

"तेव्हाच ते बरं झालं होतं. दोरी ओढली असती तर... मी बऱ्या झालेल्या इंजिनाला बरं करत बसलो. तो मागे विचारत होता आणि मी..."

मेमेंनी मान खाली घातली. त्यांच्या भुवयांवर बर्फ साचला होता. तो त्यांनी झटकला नाही.

जालिंदर स्कूटरला टेकून खाली बसला. रडला नाही. हातमोजे काढले आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. बोटं पांढरी पडायला लागली, तेव्हा मेमे उठले आणि त्यांनी ते मोजे त्याच्या हातांत परत चढवले. लहान मुलाला चढवतात तसे, एकेक बोट.

आभाळ जरा उघडलं. समोर, खिंडीच्या पलीकडे, वस्तीतला धूर दिसत होता. आंगमोचं घर कडेचं.

"आता बंद पडणार नाही," जालिंदर म्हणाला. "मध्ये मध्ये झाकण सैल करत राहीन. तिला सुखरूप आणीन खाली."

मेमे घसरगाडीकडे वळले.

"मशीन चांगलं आहे, एवढंच सांगितलं तरी चालेल ना? ते खरंच आहे."

मेमेंनी घोंगडीवरचा बर्फ झटकला.

"सगळं सांगायचं म्हटलं, तर... तुझा बाप विचारत होता तेव्हा इंजिन बरं होतं, हे कोणत्या तोंडानं सांगू? ऐकल्यावर ती माझ्या मागे बसेल का?"

मेमे घसरगाडीत परत आडवे झाले. घोंगडी त्यांनी हनुवटीपर्यंत ओढली. चेहरा या वेळी उघडा ठेवला.

"आणि न ऐकता बसली," ते म्हणाले, "तर तुला चालवता येईल?"