टाच धरणारी येसू

तुमच्या-आमच्या पणज्यांच्या पणज्या रांगत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या खडपवाडीत येसू नावाची हाडं बसवणारी बाई होती. तिच्या हाताला असा गुण, की मोडक्या नांगीचा खेकडाही तिच्या दारात येऊन बसायचा, असं म्हणतात. खेकड्याचं मला पटत नाही, बाकीचं खरं आहे.

एकदा परमुलखातलं गलबत खडपावर आपटून फुटलं. दुरुस्तीला तीन महिने लागणार होते. त्यावरच्या वाघू खलाशाची धोंडशीर, म्हणजे पोटरीतून टाचेला येणारी जाड शीर, टाचेच्या हाडापासून सुटली होती. तेव्हा असा पाय करकचून बांधून तसाच ठेवत. तो जुळायचा, पण लाकूड होऊन. येसूनेही आधी तसाच बांधला.

मग एका ओहोटीला ती खडकावरचे शिणाणे काढायला गेली. शिंपल्यातला तो लिबलिबीत जीव दगडाला कसा धरून राहतो, ते बघत बसली. त्याचे दोरे जिवाकडे मऊ होते आणि दगडाकडे जाता जाता कडक झाले होते. मऊ कुठे संपलं, कठीण कुठे लागलं, ते बोटाला कळेना. लाट आली की ते ताणायचे, पुन्हा आखडायचे, म्हणून तुटत नव्हते.

त्या दिवसापासून तिने पट्टीचा रोज एक वेढा सोडला, टाच हातात धरून पाय थोडा थोडा हलवला. शीर हाडात मुरत गेली आणि येसूचा जीव वाघूवर जडला.

पाय बरा झाला की माणूस जाणार, हे ती जाणून होती. शेवटचा वेढा उरला तेव्हा तिची आई म्हणाली, "सोडू नको गो. लंगडो घोव बरो, घरात तरी ऱ्हवता."

येसू दिवसभर पट्टीचं टोक धरून बसली. तिला तो हवा होता, फार हवा होता. दिवेलागणीला तिने वेढा सोडला.

निघायच्या दिवशी शिडात वारा भरला, पण गलबत हलेना. खलाशांनी बुडी मारून पाहिलं, तर तळाला शिणाण्यांचे हजारो दोरे. सुऱ्या बोथट झाल्या, दोरे तुटेनात. वाघू वरून, तीन महिन्यांत उचललेल्या आमच्या बोलीत, म्हणाला, "येसू, माका जावचा लागतला गो. घरात म्हातारी आवस वाट बघता."

येसू कमरेएवढ्या पाण्यात शिरली. गलबताला तिने तळवा टेकला. मग म्हणाली, "सोडलंय."

दोरे आपोआप गळून पडले, असं म्हणतात. गलबत गेलं, ते पुन्हा आलं नाही. येसूने पुढे कितीतरी पाय बरे केले, पण लग्न केलं नाही.

आजही खडपवाडीतून कुणी दूर निघालं, की घरातलं सगळ्यात जवळचं माणूस वाकून त्याची टाच धरतं आणि "सोडलंय" म्हणतं. त्याआधी पाऊल उचलायचं नाही. मी नोकरीला निघालो तेव्हा आईने टाच धरली. एसटीवाल्याने दोनदा हॉर्न दिला, तरी तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता.