सनमायकाची सोयरीक

सुताराच्या दुकानातली हत्यारं बोलायची, त्या काळची गोष्ट. तिथला चिकट सरस लाकडालाकडाच्या सोयरिकी जमवायचा, आणि त्याची एकही सोयरीक कधी मोडली नव्हती. एकदा तुळतुळीत सनमायकासाठी त्याने सागाचा ठोकळा आणला. तीनदा चिकटवला, तीनदा ठोकळा घसरून खाली. सरसाचं तोंड एवढंसं झालं.

"स्थळातच खोट आहे," सनमायका म्हणाली.

"बाई, तुमच्यावर कुणाला टेकायला जागाच नाही," खरखरीत काचपेपर म्हणाला. "दोन बोटं जागा घासू द्या."

नाक मुरडत तिने घासू दिलं. मग ठोकळा असा बसला की हातोडीनेही हलेना.

"शेवटी मीच सांभाळून घेतलं हो," सनमायका सगळ्यांना सांगत सुटली. ओरखडे ठोकळ्याखाली झाकलेले होते. सरसाला ते ठाऊक होतं, पण सोयरीक टिकवायची तर मधल्याने तोंड उघडायचं नसतं.