जर आणि जरीकाठ

“म्हणजे सर, चूक माझी? यंत्राची नाही?”

ओजसचा आवाज कुंपणावरून थेट माझ्या ओट्यापर्यंत आला. मी बोरांची परडी उचलली आणि शेजारच्या दाणी सरांकडे गेलेच. बोरं द्यायची होती, हे खरं. ऐकायचंही होतं.

सरांच्या या विद्यार्थ्यानं संगणकाला हुकूम द्यायची मराठी भाषा रचलेली. पैठणी विणणारी त्याची आई चारच्या एसटीनं येवल्याहून यायची होती. तिनं आपल्या हातानं चार ओळी लिहायच्या आणि संगणकानं त्या पाळायच्या, असा त्यानं तिला शब्द दिलेला. आणि संगणक ‘जर’ हा हुकूमच मानेना. कुणाचं तरी नाव समजून पुढं जाई.

“वाचणारा भाग नियमांवरून आपोआप तयार होतो,” ओजस म्हणाला. “आणि नियम मी लिहिलेत!”

“नावांचा नियम सगळ्यात वर का रे?”

“मुद्दाम. ‘जर’ वर ठेवला, तर आईच्या ओळीतल्या ‘जरीकाठ’ या नावाचं ‘जर’ एवढं डोकंच छाटेल तो.”

सरांनी माझ्या परडीतली दोन बोरं बाकाच्या टोकाशी मांडली. एक हिरवं, एक लाल.

“बसा वहिनी. तुम्ही ‘जर’. हिरवं म्हणजे ‘ज’, लाल म्हणजे ‘र’, एवढी दोनच उचलायची. ओजस, तू नाव. ओळीनं असतील तेवढी उचल.”

तो पुढं बसला, मी मागं.

“दोघांनाही दोनच मिळतायत. मग पुढं बसलेल्याची.”

“माझी!” ओजस म्हणाला.

“ऊठ. मागं बस.”

तो उठला, जरा फुगूनच. मी पुढं सरकले. बोरं माझी झाली!

मग ‘जरीकाठ’ म्हणत सरांनी हिरव्या-लालपुढं आणखी दोन मांडली. माझी उडी दोनांवर संपली. ओजसनं मागून हात घालून चारही उचलली.

“चार कुणाची?”

“जास्त उचलली त्याची...” ओजस पुटपुटला. “पुढं कुणी का बसेना! पुढचा-मागचा फक्त बरोबरीत!”

धावत जाऊन त्यानं संगणकात ‘जर’ची ओळ नावांच्या नियमाच्या वर नेली. ‘जर’ हुकूम झाला, ‘जरीकाठ’ अख्खा राहिला. पोरानं मला धरून गरागरा फिरवलं. अहो, माझं वय काय!

मग एकदम थांबला.

“पण सर, हजारो नावं ओळखणारा नियम माझा... त्याला मागं बसवायचं?”

सरांनी बोराची बी थुंकली.

“ज्याचा हात लांब, त्याला पुढची जागा कशाला?”