उतरणीवरच्या बिळांचा निबंध

त्या राज्यात जे पानावर उतरले नाही ते घडलेच नाही, असे धरले जाई. पाने म्हणजे वडाच्या ढोलीत जपून ठेवलेली पळसाची पाने. ती पक्ष्यांनी लिहिलेली असत आणि पक्षीच ती वाचत. पंचसभेपुढे तंटा आला की ढोलीतून पान मागवले जाई. पान निघाले तर न्याय मिळे, नाही निघाले तर फिर्यादीने मुकाट घरी जायचे. बिळात राहणाऱ्यांविषयी ढोलीत एकही पान नव्हते. त्यामुळे त्यांच्यावर आजवर कसलाही अन्याय झालेला नव्हता.

नदीकडे जाणारी मऊ मातीची एक उतरण होती. तिच्यात घुशी, मुंगसे, घोरपडी आणि खवलेमांजरे पिढ्यान्‌पिढ्या बिळे करून राहत. वर्षातून दोनदा गव्यांचा कळप त्याच उतरणीवरून जाई, उन्हाळ्यात खाली आणि पावसाळा सरल्यावर वर. गवे दुष्ट नव्हते. त्यांना पायाखाली बघायची सवय नव्हती, एवढेच. प्रत्येक खेपेला सात-आठ बिळे बसत आणि आत असतील ते आतच राहत. चाळीस पावलांवर कातळाची धार होती, तिच्यावरून कळपाला सहज जाता आले असते. पण तिथे खुरांना खडे टोचत.

साळू जातीची साळिंदर; उतरणीवरचे तिचे स्वतःचे बीळही एका खेपेत बसले होते. पंचसभेपुढे बिळवाल्यांची बाजू मांडण्यात तिची दहा वर्षे गेली होती आणि दहाही वर्षे ती हरली होती. ती तावातावाने बोले, सभा ऐकून घेई आणि शेवटी तेवढेच विचारी, "पान आहे का?" मग एके दिवशी साळूने ठरवले की आता ओरडणे पुरे, पान आपणच लिहायचे. तिने आपल्या पाठीवरचा गळून पडलेला काटा तासून लेखणी केली आणि जांभळाच्या रसाची शाई घोटली. मग तिने बिळाबिळातून फिरून मोजणी केली. उभी असलेली बिळे त्रेचाळीस. गेल्या तीन खेपांत बसलेली बावीस. कोणाच्या घरातले कोण गेले, त्यांची नावे तिने लिहिली आणि प्रत्येक साक्षीखाली साक्षीदाराच्या पंजाचा ठसा घेतला. त्या राज्यात ठशाशिवाय साक्ष पुरी होत नसे.

निबंधाचे म्हणणे साधे होते. वाट चाळीस पावले हलवा. ढोलीत असे पान असेल तर पंचसभेला वाट हलवणे भागच होते.

ढोलीचा संपादक होता एक करकोचा. मोठा सुसंस्कृत, हळू बोलणारा. त्याने निबंध एका पायावर उभा राहून वाचला आणि त्याचे डोळे खरोखर पाणावले. "साळूबाई, फार मोलाचं काम केलंत," तो म्हणाला. "आता परीक्षक बघतील. किरकोळ सुधारणा सुचवतील, तेवढ्या केल्यात की झालंच."

साळू त्या दिवशी घरी गेली ती हवेतूनच. बिळात राहणाऱ्या कोणाचे नाव आजवर त्या ढोलीत गेले नव्हते. आपले नाव पळसाच्या पानावर कसे दिसेल, हे तिने एकदा मनात आणि एकदा मोठ्याने म्हणून पाहिले. त्यात गैर काही नव्हते. पण चव लागली ती लागली.

परीक्षक तिघे होते आणि त्यांची नावे गुप्त असत. तिघांनी मिळून एकतीस शेरे पाठवले. पहिला म्हणाला की पंजांच्या ठशांनी पाने मळली आहेत, ते काढावेत. दुसरा म्हणाला की आकडा जुना आहे, ढोलीत जाणाऱ्या पानावरचा आकडा त्या दिवशी मोजलेलाच असला पाहिजे. तिसऱ्याचा शेरा सर्वांत लांब होता. जिचे स्वतःचे बीळ बसले आहे, तिला बिळांच्या बाबतीत तटस्थ साक्षीदार कसे मानावे, असे त्याने विचारले होते. त्याच्या शेऱ्याच्या पानाला गोचिडांचा वास येत होता. गव्याच्या पाठीवर बसून गोचिडे टिपणारा गायबगळाच तो, हे ओळखायला फार डोके लागत नव्हते. गव्याच्या पाठीवरून गव्याकडे बघणारा तेवढा तटस्थ, हे मात्र ढोलीत सर्वांना मान्य होते.

साळू चिडली, तिच्या पाठीवरचे काटे ताठ उभे राहिले. मग तिने एक लांब श्वास घेतला, काटे बसवले आणि सुधारणा करायला घेतल्या.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा भागी तिच्याकडे आली. भागी म्हणजे उतरणीवरची घूस. साळूच्या निबंधातली सर्वांत मोठी साक्ष तिचीच होती.

"साळूबाई, पंधरा दिसांत गवं उतरत्याल," भागी म्हणाली. "तुमच्या जातीच्या धा-बारा जणी वाटंच्या तोंडाशी पाठ फुलवून हुब्या ऱ्हायल्या ना, तर कळप गुमान कातळावरनं वळंल. गव्याला दुसऱ्या कशाचं भ्या न्हाई, पर नाकात काटा घुसायचं लई भ्या हाय."

हे खरे होते. साळूला ते भागीच्या आधीपासून ठाऊक होते.

"भागी, आत्ता वाट अडवली तर परीक्षक म्हणतील, ही कसली अभ्यासक, ही तर भांडखोर. निबंध परत येईल. इतक्या महिन्यांची मेहनत मातीत जाईल. एकदा पान ढोलीत गेलं की वाट कायमची हलेल. फक्त एवढी एक खेप धीर धर."

"येक खेप?" भागी म्हणाली. "माझ्या बिळात चार पिलं हायेत, बाय."

"त्यांच्यासाठीच तर लिहितेय ना मी."

भागी माघारी वळली. ती आपली होती, विश्वासाने आली होती, आणि साळूने तिला करकोच्यासारखेच गोड बोलून वाटेला लावले. हे साळूला त्याच क्षणी कळले होते. कळूनही तिने लेखणी उचलली.

गवे उतरले. नऊ बिळे बसली. भागीची दोन पिले गेली.

साळू मोजणीला गेली तेव्हा भागी उकरलेल्या मातीपाशी बसली होती. साळूने मान खाली घालून पान पुढे केले. ठसे पहिल्या परीक्षकाने काढायला लावले होते, पण निदान मूळ प्रतीवर तरी ते असावेत असा तिचा हट्ट होता. भागीने पंजा टेकवला.

"घे ठसा," ती म्हणाली. "तू हुबी बिळं मोजतीस, बसलेली मोजतीस. माझं बीळ अर्धं हुबं हाय. ह्या दोघास्नी तू कशात घालशील?"

साळूने पान उचलले. घरी जाऊन तिने तो प्रश्न तळटीपेत घातला. दुसऱ्या परीक्षकाने तो विषयांतर म्हणून काढायला लावला.

यापुढे तीन वर्षे एकच गोष्ट पुनःपुन्हा घडली. साळू सुधारणा करून निबंध पाठवी. शेरे येईपर्यंत गवे उतरत किंवा चढत, आणि मग आकडा जुना झाला म्हणून निबंध परत येई. चौतीस. सत्तावीस. एकोणीस. आकडा उतरला की पहिला परीक्षक लिही, एवढ्याशा बिळांसाठी एवढी मोठी वाट हलवावी हे म्हणणे अवाजवी वाटते, निष्कर्ष सौम्य करावा. साळू निष्कर्ष सौम्य करी. 'गव्यांनी तुडवली' याच्या जागी 'कळपाच्या ये-जा करण्याने बाधित झाली' असे आले. पुढच्या खेपेला कळपही गेला आणि 'जमीन कालांतराने सपाट झाली' एवढेच उरले. नावे परिशिष्टात गेली. मग परिशिष्ट लांबले म्हणून गेले. प्रत्येक शब्द सोडताना साळू स्वतःला समजावी की हा सोडला म्हणजे पुढचा वाचेल. पुढचाही सोडायची वेळ येई तेव्हा ती तेच समजावी.

दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी बिळवाला वाट अडवण्याची गोष्ट काढी, आणि दर उन्हाळ्यात साळू म्हणे, आता अगदी थोडक्यासाठी घाण करू नका. तिच्या शब्दाला मान होता. दहा वर्षे तीच तर त्यांच्यासाठी भांडली होती. म्हणून ते थांबत. पुढे पुढे ही गोष्ट काढायलाच कोणी उरले नाही. वाचले होते ते कुटुंबे घेऊन दुसऱ्या मुलखात गेले, जिथे दगडात बिळे होत नव्हती आणि उघड्यावर घारी होत्या.

भागी मात्र गेली नाही. उरलेल्या दोन पिलांसह तिने उतरणीच्या कडेला नवे बीळ केले. "तुझं पान हुईस्तवर बसते हितं," ती साळूला म्हणाली. त्यात टोमणा होता की विश्वास, हे साळूने कधी विचारले नाही. विचारायची तिची छाती नव्हती.

सातव्या खेपेला निबंध मंजूर झाला. तिसऱ्या परीक्षकानेही लिहिले होते, लेखिकेच्या संयत भाषेचे कौतुक वाटते.

करकोचा स्वतः आनंदाची बातमी घेऊन आला. पान ढोलीत ठेवण्याआधी त्याचे जाहीर वाचन होई आणि वाचन संपले की संपादक त्यावर मोहर उठवी, तशी पद्धत होती. साळूच्या निबंधाला इतके श्रोते येणार होते की वडाखाली जागा पुरली नसती. "म्हणून आम्ही उतरणीवरच वाचन ठेवलंय," करकोचा म्हणाला. "आता एवढी सपाट, मोकळी जागा सबंध राज्यात दुसरी नाही. आणि विषयाच्या दृष्टीनंही किती समर्पक!"

"तिथे अजून एक बीळ आहे," साळू म्हणाली.

"कडेला आहे ना? मग अडचण नाही. निबंधात त्याचा उल्लेख आहेच की."

वाचनाच्या सकाळी फांद्याफांद्यांवर पक्षी बसले. पंचसभा आली. आणि ज्यांच्याविषयी निबंधात आता एकही वावगा शब्द नव्हता, ते गवेही झाडून सारे आले, कारण आपल्या भागावर विद्वान काही लिहितात याचा त्यांना अभिमान वाटला होता. सगळी उतरण भरली. उशिरा आलेले कडेला उभे राहिले. साळूने पान उघडले. त्या दिवशीचा आकडा घालायला शेवटची ओळ मोकळी ठेवलेली होती. पहाटेच भागीच्या दाराशी जाऊन, आत पिलांची कुजबुज ऐकून तिने तो लिहिला होता.

तिने वाचायला सुरुवात केली. वाक्ये सुरेख जमली होती, कुठेही काही टोचत नव्हते. वाचता वाचता तिला आठवू लागले की या वाक्याखाली पूर्वी कोणाचा पंजा होता आणि त्या वाक्यात कोणाचे नाव होते. ती मध्येच अडखळली. श्रोत्यांना वाटले, बाई विषयात रंगल्या. ती शेवटच्या ओळीवर आली.

"सध्या उतरणीवर बिळे, एक."

गव्यांना निबंध मनापासून आवडला हे लगेच कळले, कारण ते दाद देऊ लागले. टाळ्या वाजवायला गव्यांना हात नसतात. ते खुरे आपटतात. सबंध कळप खुरे आपटू लागला, पुढचे आपटू लागले, मागचे आपटू लागले, कडेला उभे होते ते तर सर्वांत जोराने. उतरण हादरली. धुळीचा लोट उठला आणि त्यात कडेची माती थोडीशी, अगदी हलकेच, खाली बसली.

साळूच्या हातातून पान गळून पडले. ती धावत सुटली. गव्यांच्या पायांमधून, पाठीवरचे सगळे काटे फुलवून ती धावली आणि तिला बघताच ते धिप्पाड गवे दचकून भराभर मागे सरले, दोन्ही बाजूंना हटले, आणि क्षणात कातळापर्यंत रुंद वाट मोकळी झाली. साळूने तिकडे पाहिलेही नाही. ती गुडघ्यांवर बसून दोन्ही पंजांनी माती उकरू लागली.

मागून करकोचा आला. त्याने खाली पडलेले पान जपून उचलले होते, त्यावरची धूळ फुंकली होती. तो एका पायावर तिच्याशेजारी उभा राहिला, अतिशय दुःखी चेहऱ्याने.

"साळूबाई," तो हळू आवाजात म्हणाला, "मोहर उठवायच्या आत तेवढा एक आकडा..."

आणि त्याने लेखणी शाईत बुडवून तिच्यापुढे धरली.