गडाच्या वळणात अडकलेला खांब

खांब अडकला! काजळगडाच्या दरवाजात असा अडकला, की पुढे सरकेना आणि मागेही येईना.

या गडाची वाट सरळ नव्हतीच. शत्रूच्या हत्तींना धावत येऊन दाराला धडक देता येऊ नये, म्हणून राजाच्या आजोबांनी ती दोन बुरुजांमधून चांगली वळवून आणली होती. जे हत्तीला जमत नव्हतं, ते ताडाएवढ्या सागवानी खांबाला कुठून जमणार? पण राजा वज्रधराला हे सांगणार कोण!

या राजाला एक खूळ होतं. त्याला सगळं अखंड लागायचं. जोड दिसला की त्याचं डोकं उठायचं. अंगावर शिवलेला कपडा नाही, बसायला पाट एकाच फळीचा आणि पलंग एकाच ओंडक्यातून कोरलेला. तो इतका जड, की ठेवला तिथून हलेना. पुढे नेमकं त्याच्यावरच छप्पर गळायला लागलं, तेव्हा महाराज छत्री उघडून झोपू लागले.

अशात आभाळात शेपटीचा तारा उगवला. तो नीट बघायला राजाला गडमाथ्यावर उंच खांब हवा होता. चढायला पायऱ्या, वर बसायला माची, आणि खांब अर्थातच अखंड. "महाराज, तुकडे करून नेऊ आणि वर जोडू," एवढंच धर्माजी सुतार म्हणाला, आणि राजाने त्याला पहाऱ्यात बसवलं.

आता अडकलेल्या खांबापुढे उभं राहून राजा गरजला, "खांब कापायचा नाही! आजोबांच्या दरवाजाचा दगड हलवायचा नाही! उद्या सांजेपर्यंत खांब वर गेला पाहिजे, नाहीतर हा धर्माजी राज्याबाहेर!"

शिपायांच्या पहाऱ्यात उभ्या असलेल्या बिचाऱ्या धर्माजीचा चेहरा उतरला. तेवढ्यात गर्दीतून त्याची लेक गोजरा पुढे झाली. बापाच्या हाताखाली रंधा मारत वाढलेली पोर, पण जीभ रंध्याच्या पात्याहून धारदार.

"मी नेते खांब वर, महाराज."

"तू? गडावरचे सगळे हमाल हरले!"

"नेते. पण आमच्या सुतारांत एक रीत आहे. जसं काम, तसं यजमानानं राहायचं. देव्हारा करायचा तर यजमानानं उपास धरायचा. पाळणा करायचा तर घरात भांडायचं नाही. तुमचं काम अखंड, तेव्हा खांब वर जाईपर्यंत तुम्हीही अखंड राहायचं. अंगातला एकही सांधा वाकवायचा नाही!"

"हात्तिच्या! एवढंच ना? राहिलो!" राजा छाती काढून म्हणाला.

"महाराज, जरा विचार…" कारभारी अंतोबा पुटपुटले.

"गप्प बसा, अंतोबा!"

गोजराने लगेच राजाच्या कोपरांना आणि गुडघ्यांना लाकडी पट्ट्या बांधल्या. "व्रत मोडायला नको," असं म्हणून ती खांबावर जाऊन बसली आणि फडकं सोडून भाकरी खाऊ लागली.

"काम कधी सुरू करणार?" राजाने विचारलं.

"विचार चाललाय, महाराज. तुम्ही जेवून घ्या."

खांबाखालून वाकून आचारी बाहेर आला. त्याने डिंकाचे लाडू आणले होते, राजाच्या खास आवडीचे. राजाने लाडू उचलला. ताठ हात डावीकडे गेला, उजवीकडे गेला, डोक्यावर गेला, पण तोंडाकडे काही येईना. शेवटी त्याने लाडू वर उडवला आणि आ वासला. लाडू अंतोबांच्या पगडीत पडला! शिपाई घाईघाईने आभाळाकडे बघू लागले.

मग नाकावर माशी बसली. "अंतोबा, माशी! माशी!" अंतोबांनी उपरण्याने वारा घातला, माशी उडाली आणि परत येऊन बसली. राजा चिडून वाड्याकडे निघाला, तर वाटेत खांब आडवा. खालून वाकून जावं लागणार होतं, आणि वाकायचं तर नव्हतंच. खांबापाठोपाठ राजाही दरवाजात अडकला!

"पोरी, सोड या पट्ट्या!" तो ओरडला. "माणसाला सांधे लागतात!"

"ते कशाला, महाराज?"

"कशाला म्हणजे? वळायला!"

"मग या खांबालाही इथं वळायचंच आहे, महाराज."

राजाने खांबाकडे पाहिलं. वळणाकडे पाहिलं. आचाऱ्याच्या हातातल्या ताटाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "धर्माजीला सोडा," तो म्हणाला. "आणि काप तो खांब. पण खरं सांग, पोरी, ती रीत आहे का तुमच्यात?"

"आजपासून आहे, महाराज!"

बाप समोर आला तसं इतका वेळ चुरूचुरू बोलणाऱ्या गोजराला रडूच फुटलं. मग डोळे पुसून तिने राजाच्या पट्ट्या सोडल्या आणि बापलेकीने करवत धरली. खांबाचे एकसारखे तुकडे, म्हणजे खण, कापले. प्रत्येक खणाच्या एका टोकाला खोबण केली आणि दुसऱ्या टोकाला तीत घट्ट बसणारं कुसू. माप सगळ्यांचं एकच, त्यामुळे कुठलाही खण कुठल्याही खणावर बसत होता. पहिला कुठला, दुसरा कुठला, हे विचारायची गरजच उरली नाही. जो खण हाती येई तो हमाल खांद्यावर घेत आणि वळणावरून सरळ वर जात.

दुसऱ्या दिवशी सांज व्हायच्या आत खांब गडमाथ्यावर उभा राहिला. पायऱ्या आणि माची बसवली, चारी बाजूंनी दोरांचे ताण दिले. अंधार पडताच राजा सरसर वर चढला आणि शेपटीचा तारा बघून लहान मुलासारखा टाळ्या पिटू लागला. मग एकाएकी त्याला पायाखालचे जोड आठवले. त्याने खाली वाकून हाक मारली, "गोजरा, यातला एखादा खण मोडला तर गं?"

"जादा खण करून ठेवलाय, महाराज! मोडलेला काढू, नवा बसवू. पण खांब करकरला तर आधी तुम्ही खाली उतरा."

"का?"

"जादा राजा करून ठेवलेला नाही!"

राजा इतका हसला, की अख्खी माची हलू लागली आणि खाली अंतोबा देवाचं नाव घेऊ लागले. हसतहसतच तो उतरला, सुतारखान्याच्या किल्ल्या त्याने गोजराच्या हातात दिल्या, आणि आचाऱ्याने आणलेल्या ताटातला सगळ्यात मोठा लाडू उचलून, कोपर झकास वाकवून, तिला स्वतः भरवला.