अनोळखी पोराचा विलाप

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावात ग्रानिया नावाची म्हातारी राहत होती. गावात कोणी वारलं की तिला बोलावणं यायचं. प्रेताच्या उशाशी बसून ती विलाप गायची. गेलेल्याचं कूळ, त्याचे गुण, मागे राहिलेल्यांचं दुःख, सारं तिला तिथल्या तिथे सुचे. बायका मागून सूर धरत आणि घर हुंदक्यांनी भरून जाई. ग्रानियाला याचा मोठा अभिमान होता.

एकदा वादळानंतर एका तरुणाचं प्रेत किनाऱ्याला लागलं. तो कुठला, कोणाचा, कोणालाच ठाऊक नव्हतं. कबर खणणारा पाद्रिग ग्रानियाकडे आला.

"आजी, पोराचं इथं कोणी नाही. त्याच्यासाठी चार ओळी म्हण."

"ज्याचं नाव नाही, कूळ नाही, त्याच्यासाठी काय म्हणू? माझा विलाप काही वाटेवर पडलेला नाही."

पोराला विलापाविनाच पुरलं.

आठ दिवसांनी गावातला मोठा जमीनदार कॉर्मक वारला. सारा गाव जमला. ग्रानियाने डोळे मिटले, तोंड उघडलं. पण आवाज तिचा नव्हता. तो दुसऱ्याच कुणा बाईचा होता; घोगरा, दमलेला.

"कोलम, माझ्या लेकरा! डाव्या हाताने जाळं विणायचास रे. तुझं ताट मी अजून उचललं नाही!"

बायकांचा सूर तुटला. कॉर्मकचा मुलगा दचकून म्हणाला, "हा कोलम कोण?"

ग्रानियाने ओठ घट्ट दाबून धरले. तरी मिटल्या ओठांआडून तो आवाज येतच राहिला. मग तिच्या ध्यानात आलं. कुठल्याशा दूरच्या किनाऱ्यावर एक आई रडत होती, आणि तिचं रडणं त्या बुडालेल्या पोराला शोधत इथवर आलं होतं.

ग्रानिया उठली. "कॉर्मकला थोडं थांबावं लागेल," एवढंच कसंबसं बोलून ती दफनभूमीकडे चालू लागली. घाबरलेल्या बायका एकेक करत तिच्यामागे निघाल्या.

ओल्या मातीवर बसून ती म्हणाली, "पोरा, चुकले मी." आणि तिने तो आवाज मोकळा सोडला. हळूहळू त्यात तिचा स्वतःचा आवाज मिसळला. मागून बायकांनी सूर धरला. शेवटी परका आवाज विरून गेला, आणि ग्रानिया स्वतःच्या आवाजात रडत राहिली.

पाद्रिगने दगडावर नाव कोरलं: कोलम.

त्यानंतर बोलावणं आलं, की कोण गेलं हे न विचारताच ग्रानिया शाल उचलून निघायची.

तात्पर्य: दुःखात सोबत करायला ओळख लागत नाही. ज्याला आपण परका म्हणतो, त्याच्यासाठीही कुठेतरी कोणीतरी रडत असतं.